मोकळा ठेवलेला गाळ

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. जालन्यातल्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवतो, मस्तगडात राहतो, आणि समुद्रातल्या बेटांबद्दल वर्गात इतका बोलतो की निम्मी पोरं मला तिकडचाच समजत असतील. पाहुण्यांवर जगणाऱ्या बेटांचं पोट कसं चालतं, हा माझा लाडका विषय. एका चर्चासत्रात मी त्यावर निबंध वाचला होता. त्यात मी म्हटलं होतं की अशा बेटावर पाहुणा आधी मासे खायला येतो. मंग मासे पुरत नाहीत म्हणून बाहेरून बर्फात घालून येतात. मंग गोडं पाणी हॉटेलात जातं, कोळ्याचा पोरगा ताटं उचलायला लागतो, आणि ज्या वर्षी पाहुणा फिरकत नाही त्या वर्षी जाळं कसं विणायचं हेही कुणाला आठवत नाही. म्हणून पर्यटन टिकवायचं असेल तर पाहुणे मोजके ठेवा आणि जुना धंदा सोडू नका. टाळ्या पडल्या. जेवणही बरं होतं.

हे सगळं ज्ञान मी नंतर माझ्या सासुरवाडीवर वापरलं. तिथली माणसं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

माझी सासुरवाडी बेटावर आहे. अंबडवरून खाली गोदावरीच्या अंगाला उतरलं की धरणाच्या फुगवट्याचं पाणी लागतं. धरण झालं तेव्हा गाव पाण्यात गेलं, लोक पुनर्वसनाच्या नव्या गावात गेले. पण गावामागचं टेकाड वर राहिलं, आणि ज्यांना नवं गाव मानवलं नाही अशी थोडी घरं त्या टेकाडावर येऊन बसली. सासऱ्यांचं घर त्यातलंच. चारी बाजूंनी पाणी, म्हणून बेट. फक्त उत्तरेला, टेकाड आणि काठ यांच्यामध्ये, तळ उथळ आहे. पाणी उतरायला लागलं की तिथं दोन्ही कडांना गाळ उघडा पडतो. त्या ओल्या गाळात लोक टरबूज लावायचे, हरभरा टाकायचे. गाळपेर म्हणतात त्याला. वरून पाऊस नको, विहीर नको. पाणी मागं सरकेल तसं माणसानं पुढं सरकायचं. आणि एखाद्या वर्षी धरण भरलंच नाही तर मधलंही पाणी आटतं आणि बेट सरळ काठाला चिकटतं.

म्हणजे माझ्याच व्याख्येप्रमाणे ते दर वर्षी बेट असेलच असं नाही. हे मला माहीत होतं. पण भूगोलाच्या मास्तरला माहीत असणं आणि वेळेवर आठवणं, यात फार अंतर असतं.

मधली काही वर्षं पाऊसकाळ चांगला झाला. धरण तुडुंब. त्या काळात मी कॉलेजची सहल तिथं नेली. पोरांनी फोटो काढले, फोटो फोनवर फिरले, आणि पुढच्या रविवारपासून लोक यायला लागले. जालन्याचे आले, अंबडचे आले, पार जाफराबादहून जिपा भरून आले. माझ्या मेहुण्यानं जाळं गुंडाळून ठेवलं आणि होडीवर पाहुणे वाहायला लागला. शेजाऱ्यांनी पत्र्याचं छप्पर टाकून तळलेले मासे आणि भाकरी सुरू केली. बघता बघता सगळं टेकाड रविवारवर जगायला लागलं.

पाहुण्यांबद्दल मला चांगलं लिहायचं होतं, पण आठवून राह्यलो तर काही सापडत नाही. एकानं होडीत उभं राहून पाण्यात दारूची बाटली फेकली आणि मेहुण्याला म्हणाला, "बुडाली का बघ." एक बाई तळलेला मासा हातात धरून विचारत होती की हा इथलाच का, आणि तो त्या सकाळी पैठणकडून बर्फात आला होता. एका कुटुंबानं पिण्याच्या हापशावर पोरांच्या अंघोळी उरकल्या आणि वर तक्रार केली की पाणी गार आहे. आणि स्पीकर. तिथं येणारा प्रत्येक माणूस घरून शांतता शोधायला निघायचा आणि सोबत स्पीकर घेऊन यायचा.

तेव्हा माझ्यातला निबंध जागा झाला.

टेकाडावरच्या ओट्यावर बैठक भरली. मी तिथला जावई, म्हणून लहानथोर सगळे मला दाजी म्हणतात. मान असतो दाजीला. पहिला चहा, चटईची वरची जागा, आणि काही बोलला तर मधे तोडत नाहीत. याचाच मी गैरफायदा घेतला. मी नियम सांगितले. होड्या पाळीनं चालतील, एका वेळी ठरावीकच माणसं वर. स्पीकर काठावर ठेवायचा. प्लास्टिक ज्याचं त्यानं परत न्यायचं. इथपर्यंत सगळ्यांनी माना हलवल्या. मंग मी शेवटचा नियम काढला. उत्तरेच्या गाळात पेरायचं नाही. तो मोकळा ठेवायचा, पक्ष्यांसाठी. हिवाळ्यात तिथं चक्रवाक उतरतात, ते बघायला शांत, शिकलेले पाहुणे येतील.

त्या गाळात तोपर्यंत पेरणारं एकच घर उरलं होतं. माझ्या मेहुण्याचं. त्यातही मेहुणा नाही, त्याची बायको. वहिनी.

वहिनी चुलीपासून उठून आल्या. "दाजी, मी टरबूज कुठं लावू? तुमच्या डोक्यावर?"

मी म्हणालो, "वहिनी, आता होडीचं बराबर चालून राह्यलंय. टरबुजाची गरज काय?"

"गरज मला इचारा ना. चक्रवाकाला कामून इचारता?"

मी त्यांना समजावलं की पक्षी हीच आता आपली खरी शेती आहे. असं वाक्य मी बोललो. माझ्या बायकोनं तेव्हाच मान खाली घातली होती, पण मला वाटलं ती भारावली आहे.

बैठक माझ्या बाजूनं झाली, एकमतानं, वहिनी सोडून. मी खूश झालो की लोकांना पक्ष्यांचं महत्त्व पटलं. खरी गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. वहिनी दर वर्षी टरबुजाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायच्या, आणि ते कुंपण दर वर्षी थोडं थोडं शेजाऱ्यांच्या वाट्यात सरकायचं. शेजाऱ्यांनी गाळपेर सोडली होती तरी डोळ्यात ते सलत होतं. वहिनींना त्याचा पश्चात्ताप बिलकुल नव्हता. "त्यायनं पेरलं असतं तर म्या सरकवलं असतं का?" असं त्या तोंडावर म्हणायच्या. तर चक्रवाकांना जी मतं पडली ती सगळी वहिनींच्या काट्यांमुळे पडली होती.

काट्या जाळल्या गेल्या. पट्टा मोकळा झाला. टेकाडावर चढायला तेवढ्याच अंगाला सरळ उतार आहे, बाकी सगळीकडे खडक. याचा विचार त्या दिवशी कुणीच केला नाही. वहिनींनीही नाही. त्यांना फक्त त्यांचं टरबूज दिसत होतं.

त्यानंतर दोन हिवाळे माझे मोठे बहारीचे गेले. पक्षी उतरले, दुर्बिणीवाले पाहुणे आले, माझा शाल-नारळ झाला. मी दुसरा निबंध लिहिला. वहिनी मला चहा द्यायच्या, पण कप जमिनीवर असा टेकवायच्या की अर्धा बशीत यायचा. मी बशीतून प्यायचो आणि टिकाऊ पर्यटनावर बोलायचो.

मंग एका वर्षी पावसानं पाठ फिरवली.

धरण अर्धंही भरलं नाही. दिवाळी झाली आणि पाणी डोळ्यादेखत मागं जायला लागलं. उत्तरेच्या दोन्ही कडा एकमेकींना भेटल्या. पाणी गेलं तसे पक्षीही लांब दक्षिणेला सरकले. होड्या चिखलात कलंडल्या. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, इकडं येऊ नका. दाखवायसारखं काय ऱ्हायलं न्हाई."

पण मी आमच्या प्राचार्यांना शब्द दिला होता. ते, दोन सहकारी आणि मी, सगळे माझ्या जुन्या गाडीत बसून निघालो. अंकुशनगरच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत काठावर पोचलो तर समोर पाणी नाहीच. भेगा पडलेला, करडा, वर पापडी धरलेला गाळ. प्राचार्य म्हणाले, "चालत जायचं का?" त्यांचे बूट नवे होते.

मी गाडीतून उतरलो. टाचेनं पापडी दाबून पाहिली. हातात ढेकूळ घेऊन फोडलं, वास घेतला. वास घेऊन काय कळतं हे मला आजही माहीत नाही, पण तिघं बघत होते. "चालतंय," मी म्हणालो. "भूगोलाचा माणूस आहे मी. गाळ ओळखतो."

आणि गाडी घातली.

आता इथं गाडी रुतायला पाहिजे होती. देवानं, निसर्गानं, कुणीतरी माझ्यावर तेवढा उपकार करायला पाहिजे होता. पण ती रुतली नाही. पापडी करकरली, चाकं थोडी दबली, आणि आम्ही थेट उतारावरून टेकाडावर. मी हॉर्नसुद्धा वाजवला. मेहुणा घरातून बाहेर आला. त्यानं गाडीकडे पाहिलं, मंग गाडीच्या मागं पाहिलं. गाळावर माझ्या चाकांच्या दोन रेघा काठापासून त्याच्या दारापर्यंत सरळ आल्या होत्या.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "हे काय करून ठिवलं तुम्ही?"

मला कळलं नाही. मी त्याला प्राचार्यांची ओळख करून देत होतो.

पुढच्या रविवारी त्या रेघांवरून गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी रांग लागली. पाणी नसलेलं बेट बघायला इतके लोक येतील असं कुणाला वाटलं असतं? पण गाडी थेट वर जाते म्हटल्यावर ते बेट राहिलं नाही, मोकळं मैदान झालं. होडी नाही, पाळी नाही, मोजकी माणसं नाहीत. लोक आपापल्या शेगड्या, आपापलं चिकन, आपापलं पाणी घेऊन आले. टेकाडावर कुणाचा मासा विकला गेला नाही, भाकरी विकली गेली नाही. फक्त पत्रावळ्या मागं राहिल्या. बेट खाणारे पाहुणे मी निबंधात लिहिले होते, पण ते जेवण घरून आणतील हे मला सुचलं नव्हतं.

मी बायकोला घेऊन गेलो तेव्हा ओट्यावर सगळे बसले होते. चटईची वरची जागा रिकामी नव्हती. तिथं एक शेळी बसली होती, आणि तिला कुणी उठवलं नाही.

पोरांनी एक नवीन गोष्ट काढली होती. गाड्या येतातच आहेत तर गाळावर दोऱ्या बांधू, पार्किंग करू, गाडीमागं काहीतरी घेऊ. होड्यांचं जे बुडालं ते असं भरून काढू. मेहुणाही त्यांच्यात होता. दुसऱ्या बाजूला वहिनी एकट्या उभ्या होत्या, पदर कमरेला खोचून.

"मला माझा गाळ पाह्यजे," त्या म्हणाल्या. "आज पाह्यजे. खाली ओल हाय अजून. पंधरा दिवसानं तिथं वीट निघंल, टरबूज निघणार न्हाई. आन गाड्या अशाच फिरल्या तर आठ दिवसातच वीट व्हईल."

"टरबूज एकदा निघतं," मेहुणा म्हणाला. "गाडी दर रविवारी येती."

"आन पाणी भरल्यावर?"

"मंग होडी हाय."

"आन पाणी भरलंच न्हाई तर? ही पब्लिक दोन रविवार नाचंल आन जाईल दुसऱ्या टेकाडावर. तेव्हा काय गाळावर चाकं लावशील?"

"तुझं कुंपण दर साली सरकायचं, ते न्हाई सांगत कोणाला," मागून कुणीतरी बोललं.

"सरकवीन," वहिनी म्हणाल्या. "तू पेर, मंग मी न्हाई सरकवत. तुला तर नांगर कुठून धरायचा तेबी आठवत नसंल."

मंग सगळे माझ्याकडे वळले. मला बोलायला सांगितलं नव्हतं. मीच घसा खाकरला. माझी एक वाईट खोड आहे, भांडण दिसलं की मला मधला मार्ग सुचतो. मी म्हणालो, "असं करू. मधून गाड्यांना वाट सोडू, आणि दोन्ही बाजूंना वहिनींनी टरबूज लावावं. पाहुण्यांनाही बघायला हिरवं मिळेल."

 पहिल्यांदाच त्या ओट्यावर सगळ्यांचं एकमत झालं. ते माझ्याविरुद्ध होतं.

"दाजीला शेती कळत न्हाई," मेहुणा म्हणाला.

"दाजीला पाव्हणेबी कळत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "मधून वाट सोडली तर टरबूज जालन्याला जाईल, अन् पैसे न देता जाईल."

घरी येताना बायको गाडीत मागच्या सीटवर बसली. अंबड गेल्यावर बोलली. "लग्न झालं तेव्हा आईनं सांगितलं होतं, जावई शिकलेला आहे. मी म्हटलं होतं, चांगलंय. आता माहेरी गेलं की मान वर करायची सोय ठेवली नाही तुम्ही."

"मी चांगल्यासाठीच केलं होतं."

"तुमच्या निबंधात काय लिहिलं होतं? जुना धंदा सोडू नका. माझ्या भावजयीला तोच सोडायला लावला ना तुम्ही?"

मी म्हणालो की ती पक्ष्यांसाठीची तात्पुरती व्यवस्था होती. तिनं खिडकीची काच वर घेतली.

शनिवारी सकाळी बायको बस पकडून एकटीच माहेरी गेली. फोन उचलेना. दुपारी मी मागोमाग गेलो. काठावर गाडी ठेवली, गाळावरून चालत निघालो. लांबून दोन बायका दिसल्या. माझी बायको आणि वहिनी बाभळीच्या फांद्या दोरानं ओढत उताराच्या तोंडाशी आणत होत्या. बैठकीचं काही ठरलेलं नव्हतं. वहिनींनी ठरवलं होतं. मेहुणा वर ओट्यावर बसून बघत होता. अडवत नव्हता, हातही लावत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरून दोघींना आणि मला, तिघांनाही शिव्या दिलेल्या कळत होत्या.

मी जवळ गेलो. "मी काही मदत करू का?"

वहिनींनी माझ्याकडे न बघता एक फांदी माझ्या दिशेनं ढकलली. बायकोनं फक्त चप्पल बघितली माझी. "बूट घालून यायचं होतं," ती म्हणाली. थोड्याच वेळात का ते कळलं.

संध्याकाळपर्यंत उताराचं तोंड काट्यांनी बंद झालं, आणि तिथून काठापर्यंत, माझ्या चाकांच्या रेघा आत घेऊन, कुंपण झालं. कुंपण सरळ नव्हतं. शेजाऱ्यांच्या वाट्यात ते चांगलंच सरकलेलं होतं. मी काही बोललो नाही. माझ्या चुकांमधून मी तेवढंच शिकलो.

रविवारी सकाळी आम्ही आत खड्डे करत होतो. टरबुजाला एकेक खड्डा खांदून त्यात शेणखत भरायचं, वर गाळ, मंग बी. मी टिकाव धरला होता. तळहात आधीच सोलले होते. वर काठाला पहिली गाडी आली, थांबली. दुसरी आली. तिसऱ्या गाडीतून प्राचार्य उतरले. सोबत मॅडम, मुलं, आणि गाडीच्या टपावर दुमडलेल्या खुर्च्या.

मी काट्यांजवळ गेलो. बायको मागं उभी होती, हे मला पाठीत कळत होतं.

"अहो, हे काय?" प्राचार्य म्हणाले. "मागच्या वेळी तर गाडी सरळ गेली होती."

"आता नाही जाणार, सर."

"कोणी लावलं हे?"

"आम्ही."

मॅडम म्हणाल्या, "पण तुम्हीच तर सांगितलं होतं ना यांना, गाडी वर जाते म्हणून? आम्ही पाहुण्यांना घेऊन आलोय. तीन गाड्या आहेत."

"चालत या, मॅडम. वर मासे मिळतील, भाकरी मिळेल. खुर्च्या मात्र इथंच ठेवा."

प्राचार्यांनी एकदा माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, एकदा टिकावाकडे. "कॉलेजात बोलू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मला उन्हाळ्यातले पेपर तपासायचे जादा गठ्ठे स्पष्ट ऐकू आले. मागच्या एका गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "तुमच्या बापाची जागा आहे का?"

"माझ्या बापाची नाही," मी म्हणालो. "त्या बाईची आहे. तिला विचारा."

त्यानं वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातात कोयता होता, फांद्या तासायचा. त्यानं काच वर घेतली.

बहुतेक गाड्या वळल्या. वळताना धूळ उडवून गेल्या, दोघांनी आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं शिव्या दिल्या. थोडी माणसं मात्र चालत आली. एका म्हाताऱ्या जोडप्याला मी वर घेऊन गेलो, त्यांनी मेहुण्याच्या दारात भाकरी मागितली. मेहुण्याला चूल पेटवावी लागली. पेटवता पेटवता तो माझ्याकडे बघून शेजाऱ्याला म्हणाला, "रांग व्हती मागच्या आयतवारी. आता दोन गिऱ्हाइकं. दाजीची कृपा." त्यानं ते मला ऐकू यावं म्हणूनच म्हटलं होतं. त्याची होडी चिखलात तशीच कलंडलेली होती आणि त्या वर्षी ती हलणार नव्हती.  

मी परत खड्ड्याकडे आलो. वहिनी ओंजळीत बी घेऊन रांगेनं पुढं सरकत होत्या. माझ्या खड्ड्यापाशी थांबल्या. पायानं माती बाजूला केली, वाकून हात घातला.

"ओलीपर्यंत गेलेला न्हाई हा," त्या म्हणाल्या. "वरवर खांदलाय. काढा माती. पुन्हा खांदा."

मी टिकाव उचलला. काठावर कुणीतरी अजून हॉर्न वाजवत होतं. वहिनींनी तिकडं पाहिलं नाही. माझा खड्डा सोडून त्या पुढच्या खड्ड्यात बी टाकायला गेल्या.